वाराचें घर

पूर्वीं पुण्यांत शिकावयास येणारा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सात वारांचीं सात घरें. पान वाढतांना गृहिणी त्याच्या अभ्यासाची चौकशी करी. तो आला नाहीं, तर आजारी तर नाहीं ना, म्हणून कोणी पाहून येई. याच ओळखींतून पुढें शिकवणी मिळे, कधीं नोकरीहि.

या प्रथेंत दोन उणिवा होत्या. ती बहुधा जातीच्या कुंपणांत राहिली, आणि मिंधेपणाची बोच मुलाच्या मनांत उरली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविलें व श्रम करून शिकण्याचा अभिमान दिला.

आज खानावळींत पैसे मोजले कीं ताट मिळतें. पण ताट तसेंच परत गेलें, तर विचारणारें कोणी नसतें. म्हणून विनंति एवढीच, कीं शेजारीं खोली घेऊन राहणाऱ्या परगांवच्या एका मुलास वा मुलीस आठवड्यांतून एक वार घरीं बोलवावें. जात विचारूं नये, उपकार बोलून दाखवूं नये. उलट घरांतलें एखादें काम हक्कानें सांगावें. अशीं सात घरें मिळालीं, म्हणजे परक्या शहरांत त्याची हाक ऐकणारें कोणीतरी असेल.