वऱ्हाडच्या उन्हाची कसोटी

कपाशीचं एखादं वाण विद्यापीठाच्या प्लॉटवर भरघोस आलं, तरी वऱ्हाडातला शेतकरी लगेच त्याच्या मागे लागत नाही. कोरडवाहू रानात, पावसाच्या खंडात ते कसं तग धरतं, हे तो आधी पाहतो. ऑरगॅनिक सोलर सेललाही आपण हीच कसोटी लावली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. इथे ऑरगॅनिक म्हणजे कार्बनी रेणूंपासून बनलेला. त्याचा शाईसारखा द्राव पातळ प्लास्टिकवर छापता येतो. 1986 साली कोडॅक कंपनीतल्या चिंग टांग यांनी ऑरगॅनिक सेल जगापुढे मांडला, तेव्हा तो उन्हाचा जेमतेम 1 टक्का भाग विजेत बदलत होता. 2019 मध्ये चिनी संशोधकांच्या वाय-सिक्स या रेणूमुळे हा आकडा 15 च्या पुढे गेला आणि आज प्रयोगशाळेत तो 20 च्या आसपास आहे.

पण या कार्यक्षमतेचं मर्म जिथे आहे, तिथेच तिचा कमकुवतपणाही आहे. प्रकाशाने जागी झालेली ऊर्जा या पदार्थात साधारण 10 नॅनोमीटरच सरकते. म्हणून इलेक्ट्रॉन देणारे आणि घेणारे रेणू अगदी बारीक कालवावे लागतात. ताक ठेवून दिलं की पाणी वर येतं, तसं हे मिश्रण सततच्या उष्णतेने हळूहळू फाटतं. त्यात हवेतला ऑक्सिजन, पावसाळी दमटपणा आणि अतिनील किरण रेणूच तोडतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. 2024 च्या मे महिन्यात तर अकोल्यात उन्हापायी जमावबंदी लावावी लागली. अशा दिवशी ज्या टिनाला हात लावता येत नाही, त्यावर हा सेल वर्षानुवर्षं राहायचा आहे.

कुणी विचारेल, सिलिकॉनचं पॅनल स्वस्त आहे, पंचवीस वर्षं टिकतं, मग हा खटाटोप कशाला? शेतातल्या पंपासाठी आज सिलिकॉनच घ्यावं, यात वाद नाही. पण त्या पॅनलचं वजन प्रत्येक टिनाच्या छपराला पेलत नाही, आणि शेडनेटवर ते अंथरता येत नाही. शिवाय 25 अंशांपुढे दर अंशामागे सिलिकॉनची वीज सुमारे 0.35 टक्क्याने घटते. पॅनल 65 अंशांवर तापलं की सातातला एक वाटा गेला. कित्येक ऑरगॅनिक सेलमध्ये ही घट बरीच कमी असते. म्हणजे दुपारची आच त्यांना सोसते, बाधते ती वर्षांची आच.

यावर उपाय नाहीत असं नाही. छोटे रेणू एकमेकांना जोडून जड केले की ते जागचे सहज हलत नाहीत. झिंक ऑक्साइडचा थर अतिनील किरणांत शेजारचे रेणू तोडतो, म्हणून त्यावर लेप देतात किंवा तो बदलतात. वरून ओल आणि हवा अडवणारं आवरण घालतात. यातला कोणता उपाय खरा टिकतो, हे प्रयोगशाळेतल्या 85 अंशांच्या बंद पेटीत हजार तास केलेल्या चाचणीवरून पुरतं कळणार नाही. त्या पेटीत आपली धूळ नाही, रात्रीचा गारवा नाही, जुलैची झड नाही. म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आणि अमरावती विद्यापीठाच्या छतांवर हे नमुने निदान तीन उन्हाळे मांडावेत आणि रोजची वीज मोजावी. पहिल्या दिवशी सेल किती टक्के देतो, यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती देतो, हा आकडा वऱ्हाडाच्या कामाचा आहे. आणि जो सेल इथे टिकेल, तो कुठेही टिकेल.