बोट धक्क्याला, बस महाबलीपुरमला



चेन्नई बंदरात परदेशी प्रवाशांची बोट लागली की सहलीच्या बसगाड्या धक्क्यावर रांगेने उभ्या राहतात. बंदरासमोर राजाजी सलाईवर आपल्या टपाल खात्याची १८८४ सालची इमारत आहे. पुढे मरीनावर देबीप्रसाद रॉयचौधुरींचे १९५९ सालचे श्रमविजयाचे शिल्प. १९२३ साली सिंगारवेलरांनी देशातला पहिला मे दिन साजरा केला तोही याच किनाऱ्यावर. पण बसला थांबायला सवड कुठली! पन्नासएक किलोमीटरवरचे महाबलीपुरम दाखवून बोट सुटायच्या आत परतायचे असते.

सहल विकते बोट कंपनी. ती काम देते स्थानिक एजंटाला, एजंट बस घेतो कंत्राटदाराची. साखळीच्या टोकाला ड्रायव्हर, क्लीनर आणि गाईड. बोटीला उशीर झाला तर पहाटेपासून ताटकळतात ते हेच, आणि मजुरी बहुधा फेरीवर! रेल्वेत गाडी लेट झाली म्हणून गार्डाची ड्यूटी कोणी कापत नाही. टपालाची थैली उशिरा आली म्हणून सॉर्टरचा पगारही नाही. तो हक्क आपण भांडून मिळवला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : धक्क्यावर थांबलेला वेळ कामाच्या तासांत धरा, बोट रद्द झाली तर निम्मी मजुरी द्या, आणि हे करारात लेखी घाला. बंदर कामगारांच्या संघटनेशी आपण यावर बोलले पाहिजे.