शहरातली ऐट आणि आपली राहणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "शहरातली राहणी" हा विषय दिला आहे. माझी धाकटी बहीण डोंबिवलीला असते. त्यामुळे वर्षाआड माझे तिकडे जाणे होते, एवढाच काय तो माझा अधिकार. पण हा विषय नुसत्या मौजेचा आहे असे मला वाटत नाही. आपल्या घरोघरी आज लग्नाच्या वयाचे मुलगे आहेत. शेती आहे, घर आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, तरी मुलीकडून निरोप येतो, "आम्ही पुण्या-मुंबईकडचे स्थळ पाहतो आहोत." दुसऱ्यांचे कशाला, आपण स्वतः तरी आपली मुलगी खेड्यात द्यायला कुठे तयार असतो? आणि वर आपणच म्हणतो, आजकालच्या पोरींना ऐट पाहिजे! तेव्हा ही ऐट म्हणजे आहे तरी काय, ते एकदा नीट पाहावे असे मी ठरवले.

आधी वस्तूंचा हिशेब करू. पूर्वी शहरातून कोणी आले की आपण विचारीत असू, तिकडे घरात काय काय असते ग? गॅसची शेगडी असते, नळ असतो, पंखा असतो, हे ऐकून नवल वाटे. आता त्यातले नवल राहिले नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून मजुरीला जाणाऱ्या बाईच्या घरातही सिलिंडर दिसू लागले. मिक्सर आला, फ्रीज आला, टीव्ही तर केव्हाच आला. दादरला जे लुगडे आज दुकानात लागते ते पंधरा दिवसांत मलकापूरला मिळते. जागेच्या बाबतीत तर आपणच श्रीमंत. माझ्या बहिणीचा सगळा संसार आपल्या एका पडवीत मावेल. म्हणजे मुली शहराकडे ओढतात त्या वस्तूंसाठी नव्हेत, आणि मोठ्या घरासाठी तर नव्हेतच.

बरे, तिकडे काम कमी आहे म्हणावे, तर तेही नाही. शहरातली बाई पहाटे पाचला उठते, डबे करते, पाणी भरून ठेवते, आणि गाडी चुकू नये म्हणून धावतच स्टेशन गाठते. सकाळच्या लोकलची गर्दी मी पाहिली आहे. पाय ठेवायला जागा नसते. सायंकाळी दमून आल्यावर पुन्हा स्वयंपाक आहेच. तेव्हा शहरात बाईला सुखच सुख आहे असे मी मुळीच सांगणार नाही.

मग तिकडे आहे काय? मी बारकाईने पाहिले, तेव्हा मला तीन-चार लहानलहान गोष्टी दिसल्या.

एक तर प्रवास. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरची पहिली गाडी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली, आणि आज तिकडची बाई लोकलशिवाय जगू शकत नाही. बायकांचा डबा वेगळा. ५ मे १९९२ पासून तर चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच बायकांसाठी सुरू झाली. त्या डब्यात काय चालते म्हणता? कोणी भाजी निवडते, कोणी स्वेटर विणते, कोणी पोथी वाचते, कोणी खुशाल डोळे मिटून बसते. नवरात्रात ठरल्या रंगाच्या साड्या नेसून येतात, संक्रांतीला गाडीतच हळदीकुंकू करतात. घर मागे राहिलेले असते आणि कचेरी अजून यायची असते. मधला तो तासभर कोणाच्या मालकीचा नसतो. गर्दी सोसूनही बाया त्या गाडीविषयी मायेने बोलतात याचे कारण हेच असावे.

दुसरी गोष्ट बसायची जागा. गिरगाव चौपाटीची वाळू आहे, मरीन ड्राइव्हचा कठडा आहे. सायंकाळी तेथे बाया बसलेल्या असतात; कोणी मुलांना घेऊन, कोणी मैत्रिणीबरोबर, तर कोणी एकटीच. भेळ खाते, समुद्र पाहते, उठून घरी जाते. "तू येथे का बसली आहेस?" असे कोणी विचारीत नाही. तीच गोष्ट इराण्याच्या हॉटेलाची. धोबीतलावाजवळचे कयानी १९०४ सालापासून चालू आहे. तेथे एक चहा आणि एक बनमस्का मागवला की निवांत बसून राहता येते. आम्ही दोघी बहिणी बसलो होतो. शेजारच्या टेबलावर सत्तरीच्या एक आजीबाई एकट्याच बसून वर्तमानपत्र वाचीत होत्या आणि चहात पाव बुडवून खात होत्या. मला त्यांचे फार कौतुक वाटले. चहा गरम होता आणि तो त्यांनी गरम असतानाच घेतला! आपल्यापैकी किती जणींचा चहा चुलीजवळ निवून जातो, ते तुम्हांला सांगायला नको.

तिसरी गोष्ट, उगाचच फिरण्याची हौस. मुंबईची दुमजली बस सर्वांना ठाऊक आहे. जुन्या डिझेलच्या गाड्या १५ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाल्या. आता विजेवरच्या दुमजली गाड्या धावतात. वरच्या मजल्यावर अगदी पुढची बाके मिळावी म्हणून मोठमोठी माणसे लहान मुलांसारखी धावतात. जायचे असते जवळच, पण वरून शहर पाहण्याची मजा म्हणून बसतात.

भगिनींनो, या साऱ्यांत समान काय आहे ते पाहा. यातली एकही गोष्ट महागडी नाही. एक कप चहा, एक भेळ, बसचे तिकीट. ऐट म्हणून जी आपल्या डोळ्यांत भरते ती साडीत नाही आणि दिवाणखान्यातही नाही. कारण न सांगता बाईला घराबाहेर पाऊल टाकता येते, घटकाभर बसता येते, ही शहरातली खरी ऐट आहे. आपल्या मुली दोन-चार वर्षे शिकायला बुलढाण्याला, संभाजीनगरला राहतात, तेथे त्यांना याची गोडी लागते, आणि मग गावात परत यायचे म्हटले की त्यांचा जीव घाबरा होतो. आपण समजतो, त्या शेणामातीला भितात. मला वाटते त्या शेणामातीला भीत नाहीत, "कुठे चाललीस?" या प्रश्नाला भितात.

आता आपल्याकडे पाहू. गावात पुरुषांना बसायला पार आहे, चहाची टपरी आहे, देवळाचा ओटा आहे. बायकांना कोणती जागा आहे? पूर्वी विहीर होती, नदीचा घाट होता, पिठाची गिरणी होती. कामच होते ते, पण त्या कामाच्या निमित्ताने चार जणी भेटत, हसत-बोलत. आता पाणी घरात आले. डोक्यावरचा हंडा उतरला हे फार चांगले झाले, पण हंड्याबरोबर पाणवठ्यावरच्या गप्पाही गेल्या. गॅस आला आणि सरपणाला मिळून जाणेही थांबले. सोयी आल्या तशा आपण अधिकच घरात बसलो, आणि त्या बदल्यात दुसरी जागा कोणी आपल्याला दिली नाही, आपणही मागितली नाही.

प्रवासाचेही तसेच. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. १७ मार्च २०२३ पासून सरकारने बायकांना एसटीचे तिकीट निम्मे केले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २६ ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. पण आपण कशासाठी एसटीत बसतो? दवाखाना, लग्न, दहावा, तहसील कचेरी, लेकीचे बाळंतपण. फार झाले तर शेगावला महाराजांचे दर्शन. गेल्या बैठकीत मी सहज विचारले होते, कोणतेही काम नसताना, केवळ जावेसे वाटले म्हणून वर्षभरात कोणकोण एसटीत बसले? एकही हात वर झाला नाही. म्हणजे पैशाची अडचण निम्मी झाली, पण कारणाची अडचण जशीच्या तशी राहिली.

माझ्या सासूबाई थकल्या तेव्हा त्यांना औषधपाण्यासाठी मी मलकापूरला नेत असे. एकदा स्टेशनवरून जाताना त्या म्हणाल्या, "गाडी कुठून येते नि कुठे जाते, ते एक डाव इथे बसून पाहायचे होते." त्या वेळी उन्हाची वेळ होती, परतीची एसटी गाठायची होती. पुढे तो योग आला नाही. मलकापूरच्या रुळांवरून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी मुंबई येते, आणि आपल्या गावची एक बाई ऐंशी वर्षे जगून त्या फलाटावर दहा मिनिटे निवांत बसू शकली नाही. तिला कोणी अडवले नव्हते. पण "कशाला?" या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हते, म्हणून तिने कधी विषयच काढला नाही.

आपले रोहिणखेड काही आडबाजूचे गाव नव्हे. घाटाच्या पायथ्याशी, येण्याजाण्याच्या वाटेवर ते वसले. १४३७ साली आणि पुन्हा १५९० साली येथे मोठ्या लढाया झाल्या, कारण फौजांचा रस्ताच हा होता. १५८२ साली बांधलेली मशीद पाहायला अजून दुरून माणसे येतात. ज्या गावाने एवढे येणेजाणे पाहिले, त्या गावच्या बायांनी मात्र घाट चढायचा तो दवाखान्यासाठी, हे काही बरे दिसत नाही.

आणि पाहण्यासारखे किती जवळ आहे! सिंदखेडराजाला जिजाऊंच्या माहेरचा वाडा आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर आपल्याच जिल्ह्यात आहे. आकाशातून पडलेल्या उल्केने काळ्या पाषाणात खोल खड्डा केला, त्यात ते झाले. दूरदूरचे शास्त्रज्ञ ते पाहायला येतात. अजिंठ्याची लेणी तर एका दिवसात पाहून परत येण्याजोगी. तेथे सतराव्या लेण्यात भिंतीवर एक राजकन्या रंगवली आहे. हातात आरसा धरून ती स्वतःला न्याहाळते आहे, दासी बाजूला उभ्या आहेत. चित्र दीड हजार वर्षांपूर्वीचे. केसांची ठेवण पाहावी, दागिने पाहावे, उभे राहण्याची ढब पाहावी! ऐट शिकायला मुंबईलाच जावे लागते असे थोडेच आहे? आणि भिक्षूंच्या लेण्यातही चित्रकाराला आरशात पाहणारी बाई रंगवावीशी वाटली, मग आपल्या सुनेने आरशापुढे पाच मिनिटे घालवली तर आपल्या कपाळाला आठी का पडावी?

काही जणी म्हणतील, हे सगळे बसून खाणाऱ्यांचे. जिची रोजी बुडते तिने काय करावे? हा प्रश्न खरा आहे. म्हणून दिवस निवडताना आपण कापसाचा किंवा सोयाबीनचा हंगाम टाळू, मजुरी बंद असते तोच दिवस धरू, आणि जिला निम्मे तिकीटही जड आहे तिचे मंडळाच्या वर्गणीतून भरू. दुसऱ्या म्हणतील, लोक काय म्हणतील? एकटीला लोक बोलतात. पंचवीस जणी निघाल्या तर बोलणाऱ्याच्या घरचीही एखादी आपल्यात असेल.

तेव्हा मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पहिली, वर्षातून एकदा सहल काढावी, आणि ती नवसाची नसावी, कोणाच्या कामाचीही नसावी. पहिल्या वर्षी अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा. फर्दापूरच्या फाट्यापासून लेण्यांपर्यंत वेगळी एसटी असते. शिदोरी घरचीच, कळण्याची भाकर आणि ठेचा. दुसरी, आठवड्यातून एक दिवस दुपारी तीन ते चार मंडळाच्या खोलीत जमावे. हातात निवडायची भाजी आणू नये, वाती वळायला घेऊ नयेत. चहा करावा आणि सर्वांनी बसून गरम प्यावा. पुरुषांच्या पाराला कोणी कामाचा हिशेब विचारीत नाही, तसाच आपल्यालाही विचारू नये.

तिसरी सूचना आम्हां पन्नाशीकडे झुकलेल्या बायांसाठी आहे, कारण उद्याच्या सासवा आम्हीच. सून घरात आली की तिला कपाट, पलंग, दागिने देण्याची चढाओढ लागते. त्याबरोबर आठवड्यातला एक तास तिला द्यावा. ती मैत्रिणीकडे जाईल, वाचनालयात जाईल, नाहीतर माडीवर जाऊन नुसती बसेल. परत आल्यावर "कुठे होतीस?" असे न विचारता "चहा ठेवू का?" असे विचारावे. याला खर्च काही नाही, पण हे देणे सोपे आहे असे मी म्हणत नाही. आपल्याला जे कोणी दिले नाही ते दुसरीला देताना हात आखडतो. तरी ते द्यावे. नाहीतर आपले मुलगे आणि ही मोठमोठी घरे रिकामीच राहतील, आणि आपण पोरींच्या ऐटीला बोल लावीत बसू.

सहलीला येऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे आजच चिटणीसबाईंकडे द्यावी. सत्तरी-पंचाहत्तरीच्या सासूबाई, आत्याबाई घरी असतील तर त्यांची नावे आधी द्यावी. त्यांना आपण पुढच्या बाकांवर, खिडकीशी बसवू.