एमजीबीचा कॅम बदलताना

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात बाहेर पडलेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून अधिक तयार झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ आजही हौशी मंडळींनी धावत्या ठेवल्या आहेत. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्याकडे अगदीच परकं नाही. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ‘बी सिरीज’ घराण्यातलं, आणि त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं धाकटं इंजिन आपल्या अँबॅसिडरमध्ये होतं. दोन्हींचा स्ट्रोकही एकच, ८८.९ मिलिमीटर. त्यामुळे अँबॅसिडरचे टॅपेट सेट करण्यात हात मुरलेल्या मेकॅनिकला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर फारसं बिचकायला होत नाही.

मूळ गाडीची ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती. तेव्हा ती पुरेशी होती. आज साधी हॅचबॅकसुद्धा मागून येऊन पुढे निघून जाते. मग मालकाला कॅमशाफ्ट बदलायची हुक्की येते.

या इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात असतो आणि क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानं फिरतो. त्याचा लोब टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो आणि वरचा रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. कंपनीच्या कॅमवर इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या १६ अंश आधी उघडतो आणि पिस्टन तळाशी जाऊन परत फिरल्यावर ५६ अंशांनी मिटतो. म्हणजे क्रँकचे एकूण २५२ अंश तो उघडा. रस्त्यावर चालवायच्या ‘फास्ट रोड’ कॅममध्ये हा आकडा २७०च्या आसपास जातो, शर्यतीच्या कॅममध्ये ३००च्या घरात.

व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहिला की इंजिन वेगात असताना फायदा होतो: आत धावणाऱ्या हवेला जोर असतो आणि पिस्टन वर निघाला तरी ती भरत राहते. वेग कमी असताना मात्र तोच पिस्टन आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो. मेकॅनिकच्या भाषेत, गाडीचा पिकअप मरतो. सिग्नलवर इंजिन धडधडतं आणि घाटात सारखे गिअर टाकावे लागतात. कॅटलॉगमध्ये मात्र छापलेली असते ती फक्त वरच्या आरपीएमची अश्वशक्ती! अमेरिकेसाठी बनलेल्या नंतरच्या एमजीबींचं कॉम्प्रेशन मुळातच कमी होतं. त्यांत व्हॉल्व्ह उशिरा मिटवणारा कॅम टाकला की उरलेलं कॉम्प्रेशनही हातचं जातं. तिथे आधी कॉम्प्रेशन वाढवावं, मगच कॅमकडे बघावं.

निवड झाली की खरी कसोटी बसवण्याची. स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळवल्या म्हणजे टायमिंग झालं, ही समजूत इथे महागात पडते. चेन, चावीची खाच, कॅम घासताना राहिलेला फरक, यांची बेरीज काही अंशांची चूक सहज करते. म्हणून क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावतात. पिस्टन नेमका माथ्यावर कधी आला हे डोळ्यांना कळत नाही, कारण तिथे क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळपास हलत नाही. त्यासाठी पिस्टनला वाटेत अडवणारा स्टॉप लावून दोन्ही बाजूंनी फिरवतात आणि दोन आकड्यांचा मध्य धरतात. मग पहिल्या सिलिंडरच्या इनलेट पुशरॉडवर डायल गेज. क्रँक फिरवायचा तो इंजिनाच्या चालीच्या दिशेनंच, नाहीतर चेनचा ढिलेपणा खोटा आकडा देतो. पूर्ण उचल कितव्या अंशाला येते ते कॅमच्या कागदाशी ताडून पाहायचं. कंपनीच्या कॅमचं गणित पिस्टन माथ्यावरून गेल्यानंतर ११० अंशांचं. फरक निघाला तर सरकवलेली चावी घालून दुरुस्त करायचं. कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, हे विसरून चालत नाही.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही तपासाव्या लागतात. उचल जास्त असेल तर त्यांचे वेढे एकमेकांना भिडणार नाहीत अशाच हव्यात. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का, हे पाहायला पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती थापतात, हेड बसवून इंजिन हातानं दोनदा फिरवतात आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतात. शंभर रुपयांची माती हजारोंचं नुकसान वाचवते.

टॅपेट नवेच घालावेत. जुने जुन्या कॅमवर घासून बसलेले असतात. ते नव्या लोबचा थोड्याच वेळात फडशा पाडतात. लोबवर दाट असेम्ब्ली पेस्ट आणि इंजिनात जस्त-फॉस्फरसयुक्त ऑइल हवं. पहिल्यांदा सुरू झालेलं इंजिन आयडलवर ठेवू नये, कारण लोबला तेल मिळतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकनं उडवलेलं. वीस मिनिटं दोन ते अडीच हजार आरपीएमवर चालवावं.

रोजच्या रस्त्यासाठी २७० अंशांच्या आसपासचा कॅम, नीट अंश मोजून बसवलेला, पुरेसा आहे. आणि कंपनीच्या पुस्तकात टॅपेटची फट ०.०१५ इंच दिली असली, तरी नव्या कॅमसोबत आलेल्या कागदावरचीच फट ठेवा.