‘देत नाही’ म्हणणाऱ्याचे कपाट



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. कायदा आम्ही शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, वकिलांच्या फायली वाहता वाहता. तेव्हा पंडिती व्याख्यानाची अपेक्षा आमच्याकडून करू नये. आपली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात आहे आणि तो ‘देत नाही’ म्हणतो, तेव्हा काय करावे, एवढाच आजचा विषय.

आधी हे सांगितले पाहिजे की, दुसऱ्याची वस्तू अडवून धरणे दर वेळी बेकायदा नसते. १८७२ च्या करार कायद्याचे १७० वे कलम म्हणते, की सोपविलेल्या वस्तूवर ज्याने ठरल्याप्रमाणे मेहनत आणि कसब खर्च केले, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. यास धारणाधिकार म्हणतात. कायद्यातच उदाहरणे आहेत. हिऱ्याला पैलू पाडणारा मजुरीसाठी हिरा ठेवू शकतो. पण ‘कोट शिवून होताच देईन, पैसे तीन महिन्यांनी चालतील’ असे शिंपी कबूल झाला असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. कष्टाला तारण मानणारे हे कलम आम्हांस फार आवडते. पण पुढच्याच कलमात मर्यादा आहे. आपल्या एकूण येण्यापोटी वस्तू ठेवण्याची मुभा बँकांसारख्या मोजक्यांनाच. इतरांना तसा स्पष्ट करार असल्याखेरीज नाही. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा.

१९९७ साली एक तरुण टर्नर आमच्याकडे आला. कारखाना सोडताना मालकाने त्याचे आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतले होते. नोटीस न देता गेलास, महिन्याचा पगार भर, मग ने! आता त्या प्रमाणपत्रावर मालकाने कोणती मेहनत केली होती? त्याचे पैसे निघत असतील तर त्याने वेगळा दावा लावावा. आम्ही फाटकावर जाऊन तासभर घोषणा दिल्या. आतून निरोप आला, ‘असले प्रमाणपत्र आमच्याकडे नाहीच.’ घसा बसला, हाती काही नाही.

कोर्टातल्या एका वृद्ध कारकुनाने आम्हांला विचारले, “मागितल्याचा पुरावा कुठे आहे?” तेव्हा कुठे रजिस्टर पत्र गेले : अमुक वस्तू, अमुक दिवशी दिली, पंधरा दिवसांत परत करावी. (ते रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, पोच मात्र आजही जपून ठेवावी.) मालकाने तोऱ्यात लेखी उत्तर दिले, ‘पगार भरल्याखेरीज प्रमाणपत्र मिळणार नाही.’ त्या एका ओळीत त्याने वस्तू आपल्याकडे असल्याचे कबूल केले. वकिलाची नोटीस गेली आणि आठव्या दिवशी प्रमाणपत्र घरपोच आले.

न आले तर? १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या ७ व्या व ८ व्या कलमांखाली तीच वस्तू परत मागण्याचा दावा करता येतो. पैशाने जिची भरपाई होत नाही, तिच्यासाठी हा मार्ग आहेच. मुदत तीन वर्षांची. हुकूम मोडणाऱ्याला दिवाणी तुरुंगही दाखवता येतो. विश्वासाने दिलेली वस्तू अप्रामाणिकपणे गिळली, तर तो फौजदारी विश्वासघात. स्त्रीधन न देणाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच तसे म्हटले. पण प्रत्येक नकार गुन्हा नव्हे, आणि पोलीसठाणे हा काही प्रत्येक भांडणाचा दवाखाना नव्हे.

आता आमचे स्वतःचे कपाट. त्या टर्नरनंतर दोन वर्षांनी एक विणकर आपल्या खटल्याची फाइल मागायला आला. त्याला दुसऱ्या युनियनकडे जायचे होते. आमच्या मनात राग होता. वहीत पाहिले तर वर्गणी चौदा महिने थकलेली. ‘आधी वर्गणी, मग कागद,’ असे आम्हीच म्हणालो. तो संध्याकाळपर्यंत बाकावर बसला आणि गेला.

पुढल्या वर्षी, २००० साली, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचनात आला. भोपाळच्या एका वकिलाने फीसाठी सहकारी बँकेच्या फायली अडवल्या होत्या. न्यायालय म्हणाले, अशिलाच्या कागदांवर वकिलाला धारणाधिकार नाही. फीसाठी दुसरे मार्ग आहेत. ते वाचताना आम्हांस तो बाक दिसू लागला. आम्ही तर वकीलही नव्हतो.

फाइल घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने एकेक कागद मोजून घेतला. मिळाल्याची सही मागितली, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मी कागद दिले तेव्हा तुम्ही मला पावती दिली होती का?”