साथीला कोण बसलंय?



आजचा विषय ऐकून आमच्या भागातल्या काही मंडळींना नवल वाटेल. फ्रेडी मर्क्युरी हा इंग्लंडचा रॉक गायक, आणि त्याच्याविषयी बोलणारा मी गोंदिया जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. दिवसा शाळेत मराठी शिकवली आणि हिवाळ्याच्या रात्री झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवला. आमच्याकडे 'रॉक' या शब्दाला सगळ्यांत जवळची वस्तू म्हणजे लग्नाच्या वरातीतला धुमाल. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला, कारण गाजलेला गायक आपला संच सोडून एकटा निघाला की पुढे काय होतं, हा प्रश्न आमच्याकडे दर दिवाळीला नव्याने उभा राहतो.

झाडीपट्टी म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, आणि रात्री नाटक असतं. जेवणं आटोपून रात्री दहा-साडेदहाला पडदा वर जातो, तो कोंबडं आरवायच्या सुमारास पडतो. देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला, नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत. गावची मंडळी तिथे जाऊन नाटक आणि तारीख ठरवून येतात. आणि दर हंगामाच्या तोंडावर कुठल्या ना कुठल्या मंडळातला गाता नट सांगतो, की यंदापासून मी माझं वेगळं काढलं.

आता फ्रेडीकडे वळू. हा माणूस आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याचं नाव फारुख बलसारा. पारशी घर. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. आठेक वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवलं ते आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथे १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. पुढे जगातल्या मोठ्या रॉक गायकांत ज्याचं नाव घेतलं गेलं, तो मुलगा या वृंदात मुख्य गायक नव्हता. गायचा ब्रूस मरे नावाचा मुलगा, आणि आपले फारुखभाई मागे पियानोवर. मला हे फार आवडतं. साथीला बसून ज्याने दुसऱ्याचं गाणं सांभाळलं, तो पुढे गायला उभा राहिला तरी त्याचा कान मागच्या वाद्यांकडे असतो.

१९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे १९७० मध्ये 'क्वीन' उभं राहिलं. गाणारा फ्रेडी, गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर, आणि १९७१ पासून बेस गिटारवर जॉन डीकन. मे हा माणूस असा, की लहानपणी वडिलांबरोबर त्याने जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड कोरून घरीच गिटार बनवली, आणि तीच जन्मभर वाजवली. आमच्या झाडीतल्या कोणत्याही सुताराला हा माणूस पटेल.

या चौघांची खरी गंमत अशी, की चौघेही गाणी रचत आणि चौघांचीही गाणी गाजली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) फ्रेडीचं, 'वुई विल रॉक यू' (१९७७) मेचं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०) डीकनचं आणि 'रेडिओ गा गा' (१९८४) टेलरचं. म्हणजे गळा एकाचा, पण चाल कुणाची घ्यायची यावर रोज वाद. आणि हे वाद खरेच होते. कुणाचं गाणं तबकडीवर जाणार, कुणाच्या नावावर मानधन लागणार, यावरून चौघे थकून जात.

अशा वादातून आलेल्या माणसाला एकदा तरी वाटतंच, की आपल्या मनासारखं, कुणाला न विचारता करावं. १९८३ पासून जर्मनीत म्युनिकला फ्रेडीने स्वतंत्र अल्बमचं काम सुरू केलं. भाडोत्री वादक घेतले, चांगले घेतले. २९ एप्रिल १९८५ ला 'मिस्टर बॅड गाय' बाहेर आला. सगळी गाणी त्याची एकट्याची.

मध्यंतरी, २०१८ मध्ये, त्याच्यावर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नावाचा चित्रपट आला. आमच्या गोंदियाच्या पोरांनीही तो मोबाईलवर पाहिला. त्यात असं दाखवलंय, की फ्रेडीने एकट्याचा करार केला म्हणून 'क्वीन' फुटलं, आणि मग तो पस्तावून मित्रांकडे परत आला. नाटक म्हणून ते ठीक आहे, पण घडलं तसं नाही. त्याच्या आधीच टेलरने १९८१ मध्ये स्वतःचा अल्बम काढला होता, आणि मेनेही १९८३ मध्ये दुसऱ्या वादकांना घेऊन तबकडी केली होती. 'मिस्टर बॅड गाय' बाजारात आला तेव्हा चौघे एकत्र दौऱ्यावरच होते आणि मे १९८५ मध्ये जपानात कार्यक्रम करत होते. भांडण होतं, पण घटस्फोट नव्हता.

मग उतार कुठे? आकडे पाहा. अल्बम ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. हे काही अपयश नव्हे. पण अमेरिकेत तो १५९ वर थांबला. त्यातली गाणी एकेक करून बाहेर आली तेव्हा ब्रिटनमध्ये पहिलं ११ व्या क्रमांकावर पोचलं, दुसरं ५७, तिसरं ५०, चौथं ७६. म्हणजे नाव ऐकून लोक आले, आणि गाणं ऐकून हळूहळू पांगले. गळा तोच होता. त्या वर्षी तो अडतीस वर्षांचा होता आणि आवाज ऐन भरात होता.

हे का झालं, याचं उत्तर मी ऑर्गनच्या मागे बसून देतो.

आमच्या नाटकात गायक उभा राहतो तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात, धानाच्या बांधीतून गारठा येत असतो, आणि त्याला वाटतं आज वरच्या पट्टीत गावं, टाळ्या घ्याव्यात. आमच्या मंडळात एक म्हातारे तबलजी होते. ते तबला काळी एकमध्ये लावून ठेवत, आणि तो चढवायला साफ नकार देत. आमचा त्या वेळचा गायक, त्याचं नाव सांगत नाही, त्याला हवी असे काळी दोन. दर रात्री विंगेत कुरबूर. गायक म्हणायचा, मालक मी की हा म्हातारा? आणि तबलजी चुना चोळत म्हणायचे, "बापू, चार वाजता तिसऱ्या अंकातलं पद तुलेच म्हनाचं हाय." त्या काळी एकमुळे त्याचा आवाज होळीपर्यंत टिकायचा, हे श्रोत्यांना कधी कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

तो निघाला. स्वतःच्या नावाचं मंडळ काढलं, सगळे तरुण वादक घेतले, रोजची बिदागी रोख. पहिल्या हंगामात तारखा मिळाल्या, मंडप भरले. आता तो काळी दोन म्हणाला की तबला काळी दोन, आणि काळी तीन म्हणाला की काळी तीन. दुसऱ्या हंगामात पौष उजाडेपर्यंत घसा बसला. तिसऱ्या हंगामात वडशाच्या कार्यालयात लोक त्याची चौकशी करत आणि तारीख दुसऱ्या मंडळाला देत. ज्याला आपण पैसे देतो, तो वादक आपल्याला पट्टी खाली घ्यायला सांगत नाही. त्याची तरी काय चूक? त्याला उद्याही बिदागी हवी असते.

मराठी माणसाला या बाबतीत बालगंधर्व आठवल्यावाचून राहत नाहीत. १९१३ मध्ये ते किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले, पण एकटे नाही. सोबत गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस होते, तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे म्हणजे 'मानापमान'ला चाली देणारा माणूस. पुढे 'स्वयंवर'ला (१९१६) चाली दिल्या त्या गुरू भास्करबुवा बखले यांनी. म्हणजे बालगंधर्वांना थांब म्हणू शकतील अशी तीन माणसं जवळ होती. मग टेंबे गेले, बोडस गेले, १९२२ मध्ये बखलेबुवा वारले. उरले ते भक्त. भरजरी शालू, अस्सल अत्तरं, सढळ हात आणि वाढतं कर्ज. यात एक गोष्ट मात्र नीट पाहिली पाहिजे. त्यांच्या तबल्यावर अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष. अशी माणसं साथीला असल्यावर गाणं कसं घसरेल? ते घसरलंही नाही. बुडाली ती कंपनी, कारण हिशेबाच्या वहीजवळ थिरकवांच्या तोलाचं कुणी बसलेलं नव्हतं. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते एकनाथ झाले, पण सिनेमात जीव रमला नाही, आणि वय उतरणीला लागलं तरी ते पुन्हा स्त्रीवेशात रंगभूमीवर उभे राहिले. लोक डोळे मिटून गाणं ऐकत, असं जुने रसिक सांगत.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण गायक माझ्याकडे आला. त्याच्या गाण्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर बऱ्याच पाहिल्या जातात. म्हणाला, "सर, मंडळात मले दोन गाणे भेटतेत. लोक येतेत माया नावावर. मंग माया नावाचाच कार्यक्रम काऊन नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याची बहीण शिकते आहे, घरी दीड एकर धान आहे, आणि मंडळ देतं त्यात भागत नाही. मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही. साथीला कोण, एवढं विचारलं. त्याने पाच नावं सांगितली. पाचही जण त्याच्यापेक्षा लहान, पाचही त्याचे चाहते. मी विचारलं, यातला कोणता तुला भर कार्यक्रमात थांबवेल? तो हसला. मग त्याला मी फ्रेडीची हीच गोष्ट सांगितली, आणि तिचा पुढचा भागही सांगितला, कारण फ्रेडीचा उतार तिथेच थांबला.

१३ जुलै १९८५. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड'. 'क्वीन'ला मिळाली वीसेक मिनिटं. आधी चौघांनी एका नाट्यगृहात कसून तालीम केली. फ्रेडीचा स्वतःचा अल्बम अडीच महिन्यांपूर्वी आलेला, जगभरचे लोक दूरदर्शनवर बघणार. दुसरा कुणी असता तर त्यातलं एखादं गाणं नक्कीच घुसवलं असतं. चौघांनी सहा गाणी म्हटली. त्यांतली तीन फ्रेडीची, दोन मेची, एक टेलरचं. 'मिस्टर बॅड गाय'मधलं एकही नाही. त्या वीस मिनिटांविषयी आजही लिहिलं जातं.

त्यानंतर १९८९ च्या 'द मिरॅकल' या अल्बमला त्यांनी एक साधी युक्ती केली. गाणं कुणीही रचो, नाव चौघांचं. नावावरून आणि पैशावरून होणारं भांडण संपलं, आणि चालीवरून होणारं, जे हवंच असतं, ते राहिलं. आमच्या मंडळांनी हे जरूर करून पाहावं.

फ्रेडी पुन्हा एकदा 'क्वीन'बाहेर गायला, ते स्पेनची ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये हिच्याबरोबर. 'बार्सिलोना' हे गाणं १९८७ मध्ये आलं, अल्बम १९८८ मध्ये. गाणं ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेलं. इथे शेजारी उभी असलेली बाई त्याच्या पगारावर नव्हती, आणि तिच्यासमोर कच्चं गाऊन चालणार नव्हतं. त्याच्या बाहेरच्या कामात मला हेच सगळ्यांत भावतं.

२४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सच्या आजाराने तो गेला. चार वर्षांनी, १९९५ मध्ये, उरलेल्या तिघांनी 'मेड इन हेवन' नावाचा अल्बम काढला. त्यात त्यांनी 'मिस्टर बॅड गाय'मधली दोन गाणी घेतली. १९८५ चा फ्रेडीचा आवाज जसाच्या तसा ठेवला, आणि मागचं म्युनिकचं वादन काढून तिथे स्वतः वाजवलं. ती घरी बनवलेली गिटार, टेलरचा ड्रम, डीकनचा बेस. त्या दोन गाण्यांपैकी एक दहा वर्षांपूर्वी ५७ व्या क्रमांकावर अडलं होतं. नवा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात गेलेल्या माणसाविषयीची हळहळ होती, हे मान्य. पण ज्यांच्याकडे इंटरनेट आहे त्यांनी 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू' हे गाणं दोन्ही तऱ्हांनी एकापाठोपाठ ऐकून बघावं. पहिल्यात वाद्यं आवाजाच्या मागून चालतात. दुसऱ्यात गिटार मध्येच त्याच्या पुढे येते, ड्रम त्याला रेटतो, आणि त्या रेट्यामुळे दहा वर्षांपूर्वी गायलेली तीच तान आत्ता, या क्षणी, चढत गेल्यासारखी वाटते.

त्या तरुणाने माझ्यासमोरच मोबाईलवर दोन्ही ऐकली. दुसरं संपल्यावर म्हणाला, "सर, ड्रमवाला कोन हाय हा?"