विज्ञानाची कविता आणि एक आण्याचे रक्त



नवे संशोधन आणि कविता यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न राजकीय कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात वरवर पाहता अप्रस्तुत वाटेल. संशोधन प्रयोगशाळेत होते, इंग्रजी नियतकालिकांत छापले जाते आणि त्याची फळे यथावकाश बाजारात येतात. कविता संमेलनात वाचली जाते आणि टाळ्या घेते. दोहोंचे रस्ते निराळे, असे मानून सुशिक्षित समाज मोकळा होतो. परंतु ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा समाजवादाचा मूळ प्रश्नांपैकी एक प्रश्न आहे, आणि त्याला कविता कित्येकदा संशोधनपर निबंधापेक्षा अधिक जवळून भिडते. भारताच्या भूमीशी ज्यांचे आयुष्य जोडले गेले, अशा दोन शास्त्रज्ञांच्या दोन कविता शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे हे ध्यानात येईल.

पहिली कविता रोनाल्ड रॉस यांची. १८५७ साली अल्मोड्यास जन्मलेले रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होते. हिवतापाचे जंतू माणसाच्या रक्तात असतात, हे लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १८८० साली दाखविले होते. ते एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कसे, हे मात्र सिद्ध झालेले नव्हते. दलदलीवरची दूषित हवा हेच कारण, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. हा डासाचा प्रताप असावा, हे पॅट्रिक मॅन्सन यांचे अनुमान मनाशी धरून रॉस सिकंदराबादेस एकामागून एक डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहात होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळसर कणांनी भरलेल्या पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी फाडलेल्या डासात त्या पेशी वाढलेल्या होत्या. जंतू डासाच्या शरीरात जगतो आणि वाढतो, याचा तो पुरावा होता.

रॉस हे हौशी कवी आणि कादंबरीकारही होते. त्या शोधाच्या भरातच त्यांनी काही कडव्यांची एक कविता लिहिली आणि ती पत्नीस धाडली. ईश्वराने आपल्या हाती एक गुपित ठेवले, अश्रू आणि श्रम यांच्या वाटेने आपण संहारक मृत्यूची बीजे शोधून काढली, आता या लहानशा गोष्टीने असंख्य माणसे वाचतील, असा तिचा आशय आहे. पुढे १९२७ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाच्या आवारात रॉस यांचे स्मारक उभे राहिले, तेव्हा याच कवितेतील ओळी त्यावर कोरण्यात आल्या.

या कवितेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. वैद्यकीय नियतकालिकातील टिपणात डासांची संख्या, पेशींचा आकार आणि निरीक्षणाची वेळ येते. वर्षानुवर्षे रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाला अखेर ते दिसते तेव्हा त्याच्या मनाचे काय होते, हे तेथे येत नाही. शोधाचा तो क्षण रॉस यांच्या कवितेने जतन केला. विज्ञान हे भावनाशून्य माणसांचे काम आहे, असे समजणाऱ्यांना ती पुरेसे उत्तर आहे.

तरीही त्या कवितेत एक मोठी उणीव आहे. ज्या डासांमुळे हा शोध लागला, त्यांच्या पोटातील रक्त हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाचे होते. त्याच्या अंगावर डास सोडण्यात आले आणि रक्त प्यायलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा, या हिशेबाने त्याला आठ आणे देण्यात आले. पुढच्याच वर्षी रॉस यांनी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग केले आणि जंतू अखेर डासाच्या लाळग्रंथीत उतरतात, हे सिद्ध केले. त्या कामात महंमद बक्ष हा मदतनीस त्यांच्या हाताशी होता. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. पण त्यांच्या कवितेत पात्रे दोनच : ईश्वर आणि शोधक. ज्याचे रक्त घेतले तो माणूस त्यात नाही. वाचविल्या जाणाऱ्या असंख्यांचा समुदाय आहे. त्यातील एकालाही चेहरा नाही.

याचा दोष एकट्या रॉस यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. साम्राज्याच्या नोकरीतील डॉक्टर आणि त्याच्या रुग्णालयातील गरीब रुग्ण यांचे जे नाते होते, तेच कवितेत उमटले. ज्ञान वरून येते आणि खालच्यांनी ते कृतज्ञतेने स्वीकारायचे असते, ही ती धारणा. साम्राज्य गेले, धारणा मात्र अद्याप गेलेली नाही.

दुसरी कविता जे. बी. एस. हॉल्डेन यांची. डार्विनचा उत्क्रांतिवाद आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांची गणिताच्या आधारे सांगड घालणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. ते मार्क्सवादी होते. ब्रिटिश कम्युनिस्टांच्या ‘डेली वर्कर’ या दैनिकात कामगार वाचकांसाठी त्यांनी विज्ञानावर तीनशेहून अधिक लेख लिहिले. १९५७ साली ते भारतात आले, प्रथम कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि नंतर भुवनेश्वर येथे त्यांनी काम केले, भारताचे नागरिकत्वही स्वीकारले. १९६३ च्या अखेरीस अमेरिकेहून मुंबईस परतताना वाटेत लंडनला त्यांनी प्रकृती दाखविली, तेव्हा गुदाशयाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातच त्यांनी त्या रोगावर एक विनोदी, यमकबद्ध कविता लिहिली आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये ती ‘न्यू स्टेट्समन’ या डाव्या विचाराच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली.

सभ्य समाज ज्या अवयवाचे नावही चारचौघांत घेत नाही, त्यावर ही कविता आहे. होमरच्या महाकाव्याची आणि ट्रॉयच्या युद्धाची थट्टा करीत ती सुरू होते आणि थेट लक्षणांकडे वळते. शौचावाटे थोडेसे रक्त गेले, हे कवी सांगतो. त्याने डॉक्टरांना गाठले, सूक्ष्मदर्शकाने निदान पक्के केले, शस्त्रक्रिया झाली आणि आता पोटावर केलेल्या छिद्रातून मलविसर्जन करावे लागते, हेही तो हसत हसत सांगतो. दुखू लागण्याची वाट पाहू नका, लाजू नका, गाठ काढून टाका. थांबलात तर ती वाढेल आणि तिची पिलावळही होईल, असा त्याचा इशारा आहे. अखेरीस कवी आभार मानतो ते रुग्णालयातील परिचारिकांचे आणि अन्यूरिन बेव्हन यांचे. बेव्हन हे मजूर पक्षाचे समाजवादी नेते. खाणकामगाराचा हा मुलगा स्वतःही किशोरवयात खाणीत उतरला होता. त्यांच्याच पुढाकाराने १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि उपचारासाठी खिसा चाचपण्याची गरज उरली नाही.

दोन्ही कवितांमधील अंतर येथे दिसते. रॉस यांच्या कवितेत ज्ञान ईश्वराकडून शोधकाच्या हाती येते. हॉल्डेन यांच्या कवितेत शास्त्रज्ञ स्वतः रुग्ण होऊन खाटेवर पडला आहे. त्याला वाचविण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला तसे परिचारिकेचे हात लागले आणि त्या हातांपर्यंत सर्वांना पोहोचता यावे म्हणून केलेला एक कायदाही लागला. संशोधन रुग्णापर्यंत येते ते कोणाच्या श्रमाने आणि कोणत्या राजकारणाने, हे सांगण्यास एका विनोदी कवितेला जागा पुरली.

तथापि, हॉल्डेन यांच्या कवितेलाही एक कसोटी लावली पाहिजे. या रोगाच्या वीसांपैकी एकोणीस रुग्णांना शस्त्रक्रियेने वाचविता येते, असा आकडा त्यांनी दिला. रोग अगदी आरंभी सापडला तर आशेला मोठी जागा असते, हे खरे. पण त्या आकड्यातील उत्साह खुद्द कवीच्या बाबतीत फळाला आला नाही. त्याच रोगाने १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे हॉल्डेन यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकिनाडाच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला. कवितेने धीर द्यावा, परंतु धीर देताना तथ्य ताणू नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा. विज्ञानाच्या कवितेत लय सांभाळण्यासाठी आकडा वाकविला, तर ऐकणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. प्राचीन ग्रंथांत सारे शोध आधीच लागले होते, अशी गाणी गाणारे लोक हेच करीत असतात. पुरोगामी म्हणविणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाने तेच करू नये.

या देशात कवितेला विज्ञानाच्या कामास जुंपण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० पासून गाणी आणि पथनाट्ये घेऊन कलाजथे गावोगाव नेले. १९८७ साली देशाच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला भारत जन विज्ञान जथा भोपाळला, म्हणजे १९८४ च्या वायुकांडात होरपळलेल्या शहरात, येऊन मिळाला. महाराष्ट्रात तर गाडगेबाबांच्या कीर्तनाची परंपरा आहे. ते श्रोत्यांना उपदेश पाजीत नसत. प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवीत. नव्या संशोधनाची कविता ज्याला लोकांपुढे न्यावयाची आहे, त्याला यापेक्षा चांगला गुरू मिळणार नाही.

आणि विषयाची वाण नाही. रॉस यांनी ज्या जंतूचा माग काढला, त्याच्यावरील लस आज पुण्यात तयार होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या आणि सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या ‘आर-२१’ या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. डासाच्या लाळेतून शरीरात शिरणाऱ्या जंतूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. त्याची ओळख ही लस शरीराला आधीच करून देते, म्हणजे जंतू यकृतात ठाण मांडण्यापूर्वीच त्याला अडविता येते. त्याच २०२३ साली हिवतापाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, असा संघटनेचा अंदाज आहे; त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले होती. महाराष्ट्रातही गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून हिवताप हटलेला नाही.

या लशीची अंतिम टप्प्यातील चाचणी बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानिया या चार देशांतील सुमारे ४,८०० बालकांवर झाली. हुसेन खानच्या वेळेपासून एवढा फरक निश्चित पडला, की आता पालकांची संमती घ्यावी लागते. परंतु लशीच्या बातम्यांत विद्यापीठाचे नाव आले, कारखान्याचे नाव आले. दंड पुढे करणारी ती मुले आकडा होऊन राहिली. मुलांची नावे जाहीर करू नयेत, हे बरोबरच आहे. पण नाव न घेताही माणूस दाखविता येतो, आणि ते काम कवितेचे आहे.

तेव्हा नव्या संशोधनावर कविता लिहिणाऱ्याने आणि ती सभेत म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेले तथ्य खरे आहे काय? ते सिद्ध होण्यासाठी कोणाचे श्रम आणि कोणाचे रक्त खर्ची पडले? आणि त्याचे फळ कोणाच्या दारापर्यंत पोहोचले, कोणाच्या दारापाशी थांबले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञाला विचारून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निबंधाच्या तळटिपेत सापडेल, कधी तेथेही सापडणार नाही. तिसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी आरोग्य उपकेंद्रापर्यंत चालत जावे लागेल आणि तेथे रक्त तपासण्याची सोय आहे की नाही, औषध शिल्लक आहे की नाही, हे पाहावे लागेल. ते पाहून लिहिलेली चार कडवी पाड्यावर म्हटली गेली, तर ऐकणारी बाई तापाने फणफणलेले मूल घेऊन वेळेवर उपकेंद्रात येईल, आणि औषध नसेल तर ते का नाही, असे विचारील.